डाऊनी ओळखणारं मॉडेल आणि पानाची मागची बाजू

सध्या कुठेही गेलं तरी एकच ऐकायला मिळतं, एखादं तयार मोठं मॉडेल घ्या, त्याला आपल्या कामाचा थोडा डेटा दाखवा, फाइन-ट्यून करा आणि लावा कामाला. मी कॉम्प्युटर व्हिजनमध्येच काम करतो, राहतो पुण्यात, पण घर निफाड तालुक्यात आणि घरची द्राक्षबाग आहे, त्यामुळे हे सगळं आपल्या बागेवर करून बघायचं हे डोक्यात होतंच आणि मित्रांच्या सोबतीने नोकरी सांभाळून ते चालू आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. मॉडेल कुठलं घेतलं हा त्यातला सोपा भाग. त्याच्यात काय भरायचं, काय मुद्दाम बाहेर ठेवायचं आणि त्याची परीक्षा कुठल्या बागेत घ्यायची, खरं काम हे ठरवण्यात जातं. यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही म्हणून सविस्तर लिहितोय, पोस्ट लांब होणार आहे.

आधी प्रश्न काय आहे ते सांगतो. ऑक्टोबर छाटणी झाली, फूट निघाली आणि पाऊस लांबला की आमच्याकडे डाऊनीची, म्हणजे पानांवर आणि घडांवर येणाऱ्या बुरशीसारख्या रोगाची, धास्ती सुरू होते. कोवळी फूट, ढगाळ हवा, पानं सतत ओली, एवढं जमलं की बघता बघता घड हातचे जातात. त्या दिवसांत व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून फोटो पडत असतात, पानाचा फोटो आणि खाली आवाजातला मेसेज, "दादा हे काय आलंय बघा बरं, काय मारू?" ज्याच्याकडे सल्लागार आहे तो त्याला विचारतो, पण एकेका सल्लागाराकडे कितीतरी बागा, तो प्रत्येकाला लगेच उत्तर देणार कसा, मग दुकानात जे मिळेल ते औषध टाकीत जातं. म्हणजे मॉडेलचं काम असं की फोटो बघायचा, आवाज ऐकायचा आणि सांगायचं की ही डाऊनी आहे, भुरी आहे, करपा आहे का नुसता औषधाचा डाग आहे. आणि वेळेत सांगायचं, कारण इथे एका दिवसाला किंमत आहे.

या विषयात जवळपास सगळे जिथून सुरुवात करतात तो डेटासेट म्हणजे प्लांटव्हिलेज. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांचा त्यावरचा पेपर आला, ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग. इमेजनेटवर आधीच शिकलेलं नेटवर्क घ्यायचं, म्हणजे कुत्री, गाड्या, खुर्च्या असल्या हजार प्रकारच्या गोष्टी ओळखणारं, आणि त्याला पुढे पानं शिकवायची, अशी ती पद्धत. बाजूला ठेवलेल्या फोटोंवर अचूकता आली ९९.३५ टक्के. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हा आकडा हमखास असतो. त्याच पेपरमध्ये दुसराही एक आकडा आहे जो क्वचितच कोणी सांगतं. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो इंटरनेटवरून गोळा करून त्यांनी त्याच मॉडेलला दाखवले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. लेखकांनी हे स्वतःहून लिहिलं याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो, कारण पुढच्या सगळ्या कामाची दिशा खरं तर त्या ३१ मध्ये आहे.

एवढी घसरण का, तर प्लांटव्हिलेजची पानं झाडावरून तोडून, साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवून फोटो काढलेली आहेत. २०२२ मध्ये नोयान नावाच्या संशोधकाने एक साधी पण जबरदस्त तपासणी केली, प्रत्येक फोटोतल्या पार्श्वभूमीचे फक्त ८ पिक्सेल घेतले, पान अजिबात घेतलं नाही, आणि त्यावर मॉडेल शिकवलं. ते मॉडेल ४९ टक्के वेळा बरोबर रोग सांगत होतं! नुसता अंदाज मारला असता तर २.६ टक्के आलं असतं. म्हणजे कुठल्या रोगाचे फोटो कुठल्या उजेडात, कुठल्या कागदावर काढले हेच मॉडेल शिकत होतं. हे वाचल्यावर मी प्रत्येक डेटासेटचे कोपरे आधी बघतो.

आणि आमच्यासाठी तर त्याहून सरळ अडचण आहे. प्लांटव्हिलेजमध्ये द्राक्षाचे जे वर्ग आहेत ते ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी पान. डाऊनी नाही, भुरी नाही! ज्या दोन रोगांनी नाशिक-सांगलीच्या बागायतदाराची झोप उडते ते यादीतच नाहीत. आयआयटी गांधीनगरच्या लोकांनी प्लांटडॉक नावाचा डेटासेट केला, २,५९८ फोटो, खऱ्या शेतातले आणि नेटवरचे, त्याला लेबलं लावायला माणसांचे ३०० तास गेले, फार चांगलं काम आहे ते, पण द्राक्षात तिथेही ब्लॅक रॉट आणि साधं पान एवढंच. तेव्हा "द्राक्षाच्या रोगांवर शिकलेलं मॉडेल आहे" असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की कुठल्या द्राक्षाच्या आणि कुठल्या रोगांवर.

आता डोळ्यांचं काम. डाऊनी ओळखायची खूण बागेत वाढलेल्या पोराला सुद्धा माहीत असते, पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळसर डाग आणि पान उलटं केलं की त्याच डागाच्या मागे पांढरी बुरशी. भुरी राखेसारखी, पानाच्या वर पण दिसते. करप्याचे छोटे तपकिरी ठिपके, पुढे मधला भाग गळून भोक पडतं. सल्लागार बागेत आला की पहिल्यांदा काय करतो, पान उलटं करतो. आणि आपण मॉडेलला काय देतो, वरून काढलेला एक फोटो. म्हणजे जी खूण बघून माणूस ठरवतो ती खूणच फोटोत नाही, मग मॉडेल कितीही मोठं असलं तरी ते बघणार कुठून? म्हणून आम्ही फोटो जोडीने घ्यायला लागलो, एकाच पानाची वरची आणि मागची बाजू, आणि मॉडेलही असं ठेवलं की दोन्हीची वैशिष्ट्यं एकत्र करून निकाल देतं. कुठलीही नवी आर्किटेक्चर नाही यात, पण आतापर्यंत सगळ्यात जास्त फरक ह्याच एका गोष्टीने पडलाय असं माझं मत आहे.

दुसरं, फोटोचा आकार. फोन बारा मेगापिक्सेलचा फोटो काढतो आणि बहुतेक तयार मॉडेलं तो २२४ बाय २२४ पिक्सेलवर आणून बघतात. कुत्रा ओळखायला ते पुरतं, पण सुरुवातीचा डाऊनीचा डाग नखाएवढा असतो, फोटोत पूर्ण फांदी आली असेल तर तो डाग लहान होता होता पुसलाच जातो. त्यामुळे आधी फोटोतून पान वेगळं काढायचं, मग पानाचे तुकडे करून मोठ्या आकारात प्रत्येक तुकडा बघायचा. पान वेगळं काढायला मेटाचं सॅम वापरता येतं, २०२३ मध्ये आलेलं, १ कोटी १० लाख फोटो आणि त्यातल्या ११० कोटी मास्कवर (फोटोतल्या वस्तूंच्या आखलेल्या आकारांवर) शिकलेलं. त्याला रोगाचं काही कळत नाही पण कडा उत्तम कळतात. जनरल मॉडेलचा हा वापर मला सगळ्यात आवडतो, जे त्याला खरोखर येतं तेवढंच त्याच्याकडून घ्यायचं.

तिसरं बोर्डो. आमच्याकडे मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारलेलं पान निळसर पांढरं दिसतं आणि सुरुवातीच्या मॉडेलने अशी पानं धडाधड भुरीत टाकली. हे कुठल्याही परदेशी डेटासेटने शिकवलं नसतं. (सहज आठवलं, हे बोर्डो मिश्रण सापडलं तेच डाऊनीमुळे, अमेरिकेतून रोग फ्रान्सला पोचला आणि १८८५ मध्ये मिलार्देने बोर्डोच्या परिसरातल्या बागांवरून हा उपाय लोकांपुढे मांडला. एवढ्या वर्षांनी त्याच औषधाचा डाग आपल्या मॉडेलला चकवतोय.) उपाय एकच, फवारणी झालेल्या निरोगी पानांचे भरपूर फोटो वेगळ्या वर्गात घालायचे. डेटा गोळा करताना सगळे रोगट पानांच्या मागे लागतात, पण निरोगी तरीही विचित्र दिसणारं पान, म्हणजे मॅग्नेशियम कमी पडलेलं, उन्हाने करपलेलं, धुळीने भरलेलं, त्याचे फोटो मिळवणं जास्त महत्त्वाचं आहे.

आता ट्यूनिंगकडे येतो. मोठं मॉडेल मोठं आहे म्हणून सगळं येतं असं नसतं. ओपनएआयचं २०२१ चं क्लिप हे मॉडेल घ्या, ४० कोटी फोटो आणि मजकुराच्या जोड्यांवर शिकलेलं, पण हाताने लिहिलेले ० ते ९ आकडे वेगळं न शिकवता ओळखायला दिले तर ८८ टक्के. पिक्सेलवर बसवलेलं साधं लॉजिस्टिक रिग्रेशन त्याच्या पुढे जातं, हेही त्याच पेपरमध्ये लिहिलंय. म्हणजे शिकवावं तर लागणारच. पण किती शिकवायचं यात गंमत आहे. स्टॅनफर्डच्या एका गटाने २०२२ मध्ये दाखवलं की पूर्ण मॉडेल ट्यून केलं तर ओळखीच्या डेटावर साधारण २ टक्के सुधारणा होते, पण वेगळ्या परिस्थितीतल्या डेटावर ते ७ टक्क्यांनी मागे पडतं, कशाच्या तुलनेत, तर मूळ मॉडेलला हातही न लावता फक्त शेवटचा थर शिकवला त्याच्या तुलनेत. कारण आपला थोडासा डेटा घालताना आपण त्याने जगभरातून जमवलेली दृष्टी वाकवून टाकतो. त्यांनी सुचवलेला रस्ता आम्ही उचलला, आधी फक्त शेवटचा थर शिकवायचा, तो स्थिर झाला की मगच बाकीचं मॉडेल हळूहळू सोडायचं. पाया म्हणून मेटाचं डिनोव्ही२ हे फोटो समजणारं मॉडेल घेतलं, १४ कोटी २० लाख फोटोंवर लेबलांशिवाय शिकलेलं, पानाचा पोत त्याला चांगला समजतो.

भाषेच्या बाजूला लोरा वापरतो. २०२१ ची पद्धत आहे, कल्पना सुंदर आहे, मूळ मॉडेलचे आकडे गोठवून ठेवायचे आणि प्रत्येक थराशेजारी दोन चिंचोळ्या मॅट्रिक्स लावून फक्त त्या शिकवायच्या. १७५ अब्ज पॅरामीटरच्या जीपीटी-३ वर शिकवायचे पॅरामीटर यामुळे दहा हजार पटीने कमी झाले होते. पुढे २०२३ मध्ये क्यूलोरा आलं, मूळ मॉडेल चार बिटमध्ये दाबून ठेवायचं, आणि ६५ अब्जचं मॉडेल ४८ जीबीच्या एका जीपीयूवर ट्यून झालं. आमच्यासारख्या सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्या लोकांना हे शक्य झालं ते याच दोन गोष्टींमुळे, नाहीतर हा विषय मोठ्या कंपन्यांपुरताच राहिला असता.

परीक्षेबद्दल जरा रागाने लिहितोय, क्षमस्व. फोटो एकत्र मिसळून ऐंशी टक्के ट्रेनिंगला आणि वीस टक्के टेस्टला, असं जे सगळीकडे शिकवलं जातं ते या कामात चालत नाही म्हणजे नाहीच. एकाच वेलीचे एका सकाळी काढलेले दहा फोटो असतात, त्यातले आठ शिकवायला आणि दोन परीक्षेला गेले तर ती परीक्षा कसली! वाटणी बागेनुसार व्हायला हवी, ज्या बागेचा एकही फोटो शिकवताना वापरला नाही तीच बाग परीक्षेला. शक्य असेल तर हंगामही वेगळा, फोनही वेगळा. अशी परीक्षा घेतली की आकडा पडतो, चांगलाच पडतो, आणि ग्रुपमधल्या लोकांना तो सांगायला जड जातं. पण शेतकऱ्याची बाग ही मॉडेलसाठी कायम न पाहिलेलीच बाग असणार आहे ना, मग त्याला दुसरा कुठला आकडा सांगणार?

भाषेचा भाग मला आधी सोपा वाटायचा, मराठी येणारी मॉडेलं आता आहेत की. पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाने २०२२ मध्ये महाबर्ट आणलं, बर्ट या मजकूर समजणाऱ्या मॉडेलच्या बहुभाषिक आवृत्तीलाच पुढे नुसतं मराठी वाचायला लावून, त्यांच्या कॉर्पसमध्ये २ कोटी ४८ लाख वाक्यं आहेत. मराठीसाठी हे किती मोलाचं काम आहे हे ज्याने मराठी डेटा शोधलाय त्यालाच कळेल. पण त्यातला बराचसा मजकूर बातम्यांचा आहे, आणि बातमीत कोणी "घड जिरला" (कोवळा घड वाढण्याऐवजी नाहीसा झाला) म्हणत नाही. आमच्याकडचा माणूस बोलतो, "फेलफूट काढली, दोडा अवस्था आहे, काल दुसरं डिपिंग केलं, आज खालच्या पानांवर तेलकट डाग दिसतोय, एम-४५ मारून चार दिवस झाले." या एका वाक्यात वेलीची अवस्था, आधीची फवारणी, लक्षण आणि डाग कुठे आहे हे सगळं आलं. सल्लागाराला फोटो न बघताही निम्मं उत्तर मिळालं असतं. जनरल मॉडेल मात्र घड जिरणं म्हणजे पचन समजतं आणि फेलफुटीला, म्हणजे घड नसलेल्या फुटीला, परीक्षेत नापास करतं.

त्याच्याही आधी आवाजाचा मजकूर व्हायला लागतो. व्हिस्पर हे आवाजाचा मजकूर करणारं मॉडेल ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकलंय पण त्यात मराठी फारच थोडी, आणि त्यातही मागे पंप चालू, ट्रॅक्टरचा आवाज, वारा. इथे स्टुडिओतलं वाचन घालून काही उपयोग होत नाही, बागेतल्या खऱ्या मेसेजवरच ट्यून करावं लागतं, अर्थात ज्याचा आवाज त्याला विचारून आणि नाव-गाव काढून. आम्ही शब्दांची एक यादी केली, छाटणीपासून काढणीपर्यंत लोक जे जे बोलतात ते, आणि ट्रान्सक्रिप्शन तपासायला घरातलीच माणसं बसवली. माझी काकू यात सगळ्यात तरबेज निघाली, तिला औषधाचं नाव अर्धवट ऐकू आलं तरी अवस्था ऐकून ती सांगते की हे अमुक असणार. काकू जे करते तेच मॉडेलला करायला शिकवायचंय, आवाज आणि फोटो एकमेकांना आधार देतील असं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मॉडेलच्या आत घालायचं नाही ते. औषध कुठलं, किती, आणि काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र लेबल क्लेम असलेल्या, म्हणजे द्राक्षावर वापरायची अधिकृत परवानगी असलेल्या, औषधांची यादी काढतं, निर्यातवाले तिला ॲनेक्शर ५ म्हणून ओळखतात, आणि ती बदलत राहते. गेल्या वर्षी चालणारं औषध या वर्षी नसू शकतं, पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यातलं किमान दिवसांचं अंतर, बदलू शकतो. हे जर प्रश्नोत्तरांच्या रूपात फाइन-ट्यूनिंगमध्ये घातलं तर मॉडेल ते पाठ करून बसतं आणि यादी बदलल्यावरही जुनंच उत्तर तेवढ्याच ठामपणे देतं. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षात सीसीसी या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनर अडकले, तो काळ आमच्या भागात अजून कोणी विसरलेलं नाही. चुकीच्या एका वाक्याने संपूर्ण हंगाम जाऊ शकतो. म्हणून आमच्याकडे विभागणी स्पष्ट आहे, बघायची नजर आणि समजायची बोली ट्यूनिंगने आत जाते, औषधाचं नाव आणि मात्रा मात्र दर वेळी ताज्या यादीतून शोधून, यादीची तारीख दाखवूनच बाहेर येते. यादीत सापडलं नाही तर मॉडेलने औषध सुचवायचंच नाही, सल्लागाराला फोन करा म्हणायचं. यावर आमच्यात वाद झाला, काही मित्रांचं म्हणणं की उत्तर नाही मिळालं तर लोक ॲप वापरणार नाहीत. नाही वापरलं तरी चालेल, पण अंदाजाने औषध सांगायचं नाही, यावर मी हटून आहे.

असंच दुसरं म्हणजे "मला दिसत नाहीये" हे म्हणायला शिकवणं. ट्यून केलेलं वर्गीकरणाचं मॉडेल अंगठ्याचा फोटो दिला तरी त्याला कुठल्यातरी रोगात बसवतं, कारण त्याच्यासमोर तेवढेच पर्याय असतात. आम्ही डिनोव्ही२ च्या वैशिष्ट्यांमधलं अंतर बघतो, आलेला फोटो शिकवलेल्या फोटोंपासून फार लांब असेल तर निकाल रोखायचा आणि दुसरा फोटो मागायचा, मागच्या बाजूचा, जवळून, सावलीत काढलेला. गावातल्या लोकांना हे उलट आवडलं. माणूस सल्लागारही तसंच करतो, धूसर फोटो पाठवला की म्हणतो दुसरा पाठव.

लेबलांचा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. दोन अनुभवी माणसांना एकच फोटो दाखवला तर सुरुवातीच्या डागाबद्दल त्यांची मतं जुळतातच असं नाही, आणि दोघांचंही चूक म्हणता येत नाही, कारण त्या अवस्थेत खरंच फोटोवरून ठरत नाही. अशा फोटोला जबरदस्तीने एक लेबल चिकटवण्यापेक्षा आम्ही दोन्ही मतं ठेवतो आणि त्याच पानाचा दोन-तीन दिवसांनी पुन्हा फोटो घेतो, तोपर्यंत रोग स्वतःच सांगतो तो कोण आहे. यासाठी पानाला लोकरीचा दोरा बांधून ठेवायला लागतो. ही पद्धत खूप वेळखाऊ आहे, पण असे थोडेसे फोटो नेटवरच्या ढीगभर फोटोंपेक्षा जास्त शिकवतात.

येत्या ऑक्टोबर छाटणीला आम्ही निफाड आणि दिंडोरीच्या बाहेर, तासगाव-पलूसकडच्या बागा घ्यायचं बघतोय, तिथली माती वेगळी, वाण वेगळे, बोलणंही वेगळं. त्या भागातला कोणी वाचत असेल आणि बागेत फोटो काढायची तयारी असेल तर खाली लिहा. पान न तोडता काढायचा, आधी वरची बाजू मग मागची, सकाळी ऊन चढायच्या आत, आणि सोबत छाटणीची तारीख, वाण आणि शेवटची फवारणी कधी व कशाची एवढं बोलून पाठवायचं. निरोगी बागेचे फोटोही हवे आहेत, तेवढेच.